दारातला धोंडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो आज असता तरी नसतं सांगितलं. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. वाघजाईच्या देवळात हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय मी वगळते. तिला काय ठाऊक असेल ते असो, माझ्या तोंडून तिनं ऐकलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला बरं वाटतं. का वाटतं, ते विचारू नका.

आधी मी कोण ते ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी अनसूया. सत्तरी ओलांडली. माण गावाच्या वरच्या अंगाला आमचं घर. पूर्वी घरापुढं भाताची खाचरं होती. आता आयटी पार्कातली पोरंपोरी भाड्यानं राहतात ती आमची तीन मजली इमारत आहे, आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत माझी खुर्ची. पण मी खुर्चीत बसायला जन्मलेली बाई नव्हे, हे लक्षात घ्या. आवणीला, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावायला, मी खाचरात उतरले की बाकीच्या बायका आपली ओळ माझ्यापासून लांब धरायच्या. माझ्या शेजारी मागं पडलं की सगळ्यांना दिसायचं ना! मालकीणबाई असून मी दिवसभर वाकून लावायचे आणि संध्याकाळी कंबर धरून उभी राहायचे नाही. याचा मला गर्व होता. आहे. होता कशाला म्हणू?

माझ्या बरोबरीनं लावणारी एकच होती — भागू. वरच्या धनगरवस्तीवरची. घरची शेरडं-मेंढरं, आणि आवणीच्या दिवसांत आमच्याकडं कामाला यायची. मला 'वैनी' म्हणायची, पण अगं-तुगं सोडायची नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी ओळी धरायचो आणि एकमेकींकडं न बघता पळायचो. कधी ती पुढं, कधी मी. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. हे तिच्या तोंडावर मात्र कधी म्हटलं नाही.

आता धोंड्याचं.

धनगरवस्ती वर, गाव आणि देऊळ खाली. मधल्या वाटेवर, बरोब्बर आमच्या दारासमोर, एक धोंडा होता. काळा, वरून सपाट, कमरेच्या जरासा खाली येईल एवढा उंच. रानातून सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका त्यावर ओझं टेकवायच्या, दम खायच्या आणि पुन्हा डोक्यावर घेऊन निघायच्या. कुणी बसवला, कधी बसवला, देवाला ठाऊक. गॅस आले, मोळ्या गेल्या. धोंडा राहिला.

आणि आम्ही म्हाताऱ्या झालो. इथं एक गोष्ट सांगते, ती ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच कळेल. खाली जमिनीवर बसणं म्हणजे शिक्षा. बुटका कट्टाही नको, कारण बसाल तुम्ही, उठवणार कोण? त्या धोंड्याला मात्र नुसतं मागं टेकायचं. गुडघा वाकवावा लागत नाही, उठताना कुणाचा हात लागत नाही. ओझ्यासाठी ठेवलेला दगड, पण जणू झिजल्या गुडघ्यांचं माप घेऊनच घडवलेला.

भागूचे पाय तोवर पार बाहेर वळले होते. चालायची ती डुलत डुलत, हातात काठी, पुढं चार शेरडं. पण चालायची रोज. संध्याकाळी वस्तीवरून निघायची, धोंड्यापर्यंत यायची, टेकायची. गावातल्या आणखी तिघी-चौघी खालून चढून तिथंच यायच्या. सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. दम खायच्या, खिदळायच्या, मग मिळून देवळाकडं उतरायच्या. येताना पुन्हा धोंडा, पुन्हा खिदळणं. डॉक्टर नाही, गोळी नाही, आणि भागू रोज जाऊन-येऊन दोनेक मैल चालत होती.

आणि मी? मी गॅलरीत.

माझेही गुडघे गेले होते हो! सुजायचे, रात्री ठणकायचे, सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागायची. पण कळू दिलं नाही कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'मला वेळ कुठं असतो देवळात यायला, भाडेकरूंकडं बघावं लागतं,' असं म्हणायचे. मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण मी आयुष्यभर मिरवली — गुडघ्यांनी ती फारच मनावर घेतली, दुसरं काय! ज्या बायका माझ्यापासून ओळ लांब धरायच्या, त्या माझ्या दारावरून चालत जायच्या आणि मी वरून बघायची. कशी सहन व्हावी ती गोष्ट? तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

एके दिवशी भागूनं धोंड्यावरून वर बघून हाक मारली.

"ए वैनी! वर काय बसलीस देवीवानी? ये की खाली! का गुडघं ग्येलं तुजं बी?"

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आता कळतं, ती मला बोलवत होती. तिला माझी चाल ठाऊक होती, मी गॅलरीत उठताना कठडा कसा धरते ते तिनं खालून हेरलं होतं. 'तुजं बी' म्हणाली ती. म्हणजे आमच्यासारखंच, म्हणजे ये, आमच्यात ये. पण मला त्यात एवढंच ऐकू आलं की भागूनं चारचौघींत माझं उघडं केलं. मी म्हटलं, "माझे गुडघे ठणठणीत आहेत, तुझं तू बघ." आणि आत गेले. आत जाताना लंगडू नये म्हणून दात आवळले होते.

आठवडा गेला असेल. शेजारची एक बाई कढीपत्ता मागायला आली. तिचं नाव नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही एवढं पुरे, आणि म्हणूनच मी तिला निवडलं. हो, निवडलं. रागाच्या भरात तोंडातून गेलं असं म्हणायची सोय होती मला, पण तसं नाही. मी विचार करून, कढीपत्त्याची फांदी तिच्या हातात देता देता म्हटलं, "बसतात बाई त्या धोंड्यावर, त्यांना काही वाटत नसेल. आमच्या सासूबाई जन्मात कधी टेकल्या नाहीत तिथं."

तिनं विचारलं, का? मी म्हटलं, जाऊ दे. तिनं पुन्हा विचारलं. मग सांगितलं — पूर्वी प्रेतयात्रा जाताना मढं त्या धोंड्यावर टेकवायचे. जिवंत माणूस त्यावर बसला की त्याचे पाय धरले जातात.

"बघा ना," मी म्हटलं, "एकीचे तरी गुडघे धड आहेत का?"

सगळं खोटं. आमच्याकडं प्रेत वाटेत एकदा खाली टेकवतात, हे खरं. पण ती जागा खाली ओढ्याकाठच्या चिंचेपाशी होती, धोंड्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सासूबाई स्वतः त्या धोंड्यावर मोळी टेकवून, शेजारी टेकून, तंबाखू मळायच्या. पण त्या वर गेलेल्या, त्यांना कोण विचारायला जाणार? आणि त्या खोट्यात एक गोष्ट अशी होती की ते खोटं वाटेचना. धोंड्यावर बसणाऱ्या प्रत्येकीचे गुडघे खरोखरच दुखत होते. अहो, दुखत होते म्हणूनच तर बसत होत्या!

चार दिवसांत धोंडा मोकळा झाला. पुढच्या अवसेला कुणी त्यावर लिंबू आणि दहीभात ठेवून गेलं. खिदळणं थांबलं. पेरलं ते उगवतं, हे शेतकऱ्याच्या बाईला कुणी शिकवायला नको. पण इतक्या लवकर उगवेल असं मलाही वाटलं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगू? बरं वाटलं. दार मोकळं झालं म्हणून नव्हे. आता कुणी माझ्यासमोरून चालत जाणार नव्हतं म्हणून.

भागू मात्र त्यानंतरही दोन-तीनदा आली. धोंड्याला शिवली नाही. शेजारी काठीवर भार टाकून उभी राहिली, एकदा गॅलरीकडं बघितलं, आणि तिथूनच माघारी वळली. उभ्याउभ्या दम खाऊन पुढं देवळापर्यंत जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं. चौथ्यांदा आली नाही.

मग सिमेंटचा रस्ता झाला. कंपन्यांच्या बसगाड्या आणि पाण्याचे टँकर वरपर्यंत जायला लागले. जेसीबीनं धोंडा उचलून ओढ्याकडं ढकलला, तेव्हा कुणी 'राहू दे' म्हटलं नाही. अपशकुनी वस्तू गेली म्हणून लोक खूश. रस्त्याच्या रुंदीत चिंचही गेली. वर्षभरात ऐकलं, भागूनं शेरडं विकली. तिला त्यांच्यामागं जाववेना. मग ऐकलं, ती दारातच बसून असते. मग ऐकलं, मुलानं तिला चार पायांचा वॉकर आणून दिला, पण त्या उतारावर तो चालत नाही. हे सगळं मी ऐकलं हो. जेवणखाण सोडलं नाही मी त्यापायी.

माझे गुडघे झाकता येईनासे झाले तेव्हा मुलानं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कोवळी होती, पण बोलायला खमकी. "आजी, बसून राहाल तर गुडघे आणखी धरतील. चाला. एकदम नको. थोडं चाला, टेका, पुन्हा चाला. खाली बसू नका, उंच जागेवर टेका. घराजवळ आहे का अशी एखादी जागा?"

आहे का? मुलगा म्हणाला, आमच्याकडं रस्ता झालाय मोठा, पण बसायला काही नाही.

मी चालायला लागले. एकदा ठरवलं की ठरवलं. फाटकाबाहेर शंभर पावलं जायची आणि कुणाच्या तरी उभ्या मोटारसायकलला धरून थांबायची. टँकर आला की भिंतीला चिकटायची. चौथ्या दिवशी मुलाला म्हटलं, ओढ्याकडं तो धोंडा पडलाय, तो आणून दारात बसव.

"आई, तो? मढ्याचा?"

माझंच वाक्य, माझ्याच पोराच्या तोंडून. तेव्हा सांगता आलं असतं — अरे, ते मी उठवलं होतं. एवढी पाच शब्दांची गोष्ट. मी म्हणाले, "मला नाही कुणाची भीती."

आणि बसले की! रोज सकाळी, भर रस्त्याकडेला, मढ्याच्या धोंड्यावर, पाठ ताठ ठेवून. शंभराची दोनशे पावलं झाली, दोनशेची पाचशे. पोरं मोबाईलमध्ये फोटो काढायला लागली. आजूबाजूच्या म्हाताऱ्या लांबून बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या, पण एकही टेकायला आली नाही. एकीला मी हाक मारली तर म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमी वाघीन हायेत. आमाला आमचं पाय हवेत."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित आज बोललेच नसते. पण वस्तीवरचा एक म्हातारा वारला. प्रेतयात्रा खाली आली. चिंच तर तोडलेली, मग टेकवायचं कुठं? पोरं गोंधळली. तेवढ्यात कुणीतरी जाणतं माणूस म्हणालं, "आरं, धोंडा हाय की अनसूयाबाईंच्या दारात. पूर्वी तितंच तर टेकवायचे!" आणि त्यांनी तिरडी माझ्या फाटकासमोर, धोंड्याच्या पायाशी टेकवली. मी पायरीवर उभी. काय केलं मी? आतून तांब्या आणला आणि खांदेकऱ्यांना पाणी दिलं.

त्यानंतर वरून येणारी प्रत्येक यात्रा माझ्या दारात थांबते. माझं खोटं गावाची रीत झालं.

आणि गावानं त्याबद्दल माझा सत्कार केला. हसू नका. ग्रामसभेत शाल, नारळ, टाळ्या. सरपंचबाई बोलल्या की अनसूयाबाई या वयात रोज चालतात, अंधश्रद्धा मानत नाहीत, गावासाठी आपल्या दारातली जागा त्यांनी दिली. तुम्हाला वाटेल, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. मला छान वाटलं. खोटं कशाला सांगू, ते एकदा सांगून झालंय. शाल अंगावर पडली तेव्हा आवणीतल्यासारखी छाती भरून आली. चालून दाखवलं होतं ना मी! ते तर खरं होतं!

दुसऱ्याच दिवशी मी ठरवलं, आज भागूच्या दारापर्यंत जायचं. चालत. वस्तीचा चढ सगळा. तुम्ही म्हणाल, पश्चात्ताप झाला म्हणून. नाही. तिला दाखवायला. तिनं बघावं म्हणून. शाल घडी करून खांद्यावर टाकली होती. सहा वेळा थांबले, दगडी बांधाला टेकले, एकदा विजेच्या खांबाला. पण पोचले.

भागू उंबऱ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती. पाय जाड झालेले, हात मात्र तेच, आवणीतले. तिनं मला चढावरून येताना पाहिलं होतं, शेवटच्या वळणापासून.

"आलीस व्हय चालत?" म्हणाली. "लई चालतीस गं. बघितलं मी. लंगडतीस, पन झॅक चालतीस."

आणि खरंच, तिला आनंद झाला होता. डोळे भरून बघत होती माझ्या पायांकडं. मी चालले म्हणून तिला अभिमान वाटला. मला तिच्याबद्दल वाटायचा, आणि मी कधी बोलले नाही, तोच.

सुनेनं मला उंच स्टूल दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग भागू म्हणाली, "दारात मढी टेकवत्यात म्हनं आता तुज्या."

मी म्हटलं, हो, पूर्वीची जागा ना ती.

ती खुर्चीत माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "माजी सासू, सासरा, माजा मालक — समदी चिंचंखाली टेकली. मी मागनं रडत आलीया तिन्ही बारीला. धोंड्याला कुनी हात न्हाई लावला. मला ठाव न्हाई व्हय, वैनी?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुज्या दारातला धोंडा. तुला आमी बसल्यालं नगं वाटलं. मग कशाला बसायचं?"

"गावाला तरी सांगायचंस."

"आन तुजं हसं करायचं?" ती म्हणाली. "बरोबर आवणी केलीया आपुन."

मग ती हसली, तशीच, धोंड्यावर बसून हसायची तशी. "बरं झालं पन आणलास त्यो परत. जित्तेपनी बसू दिलं न्हाईस, मेल्याव तरी टेकंन की तितं."

हा क्षण होता. याहून सोपा क्षण कुणी कुणाला देऊ शकतं का? सगळं तिनंच बोलून टाकलं होतं, मला नुसती मान हलवायची होती. मी शाल सारखी केली. म्हटलं, चढावर ऊन फार लागलं. सुनेनं चहा आणला, तो प्यायले. मग उठले. भागू उठली नाही, तिला उठता येत नाही.

निघाले तेव्हा ती दारातून बघत होती. पहिल्या वळणापर्यंत मी पाठ ताठ ठेवून, न थांबता उतरले. दुखत होतं तरी. ती बघत होती ना.

घरापाशी आले आणि धोंड्याला टेकले. सकाळचे साडेदहा वाजले असतील, रस्त्यानं कंपनीच्या बस चालल्या होत्या. एका भाडेकरू पोरीनं विचारलं, "आजी, किती चाललात आज?" मी सांगितलं, धनगरवस्तीपर्यंत. तिनं अंगठा वर केला.

तो धोंडा ओझ्याचा होता. त्यावर बसून कुणाचे पाय गेले नाहीत. भागूचे पाय गेले, ते तिथं बसायला मिळालं नाही म्हणून गेले. ते मी केलं.